खालचा डावा कोपरा

तिनं चष्म्याची डबी उचलली आणि डॉक्टरांच्या मनगटावर सटकन हाणली. त्यांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर टेबलाच्या कडेवर आपटला, तिथून फरशीवर पडला आणि घरंगळत कपाटाखाली गेला.

“त्या स्क्रूंना हात लावायचा नाही!”

“आई! अगं काय करतेस?” दाराशी उभी असलेली मुलगी पुढे धावली.

डॉक्टर मनगट चोळत बघत राहिले. ते दातांचे डॉक्टर होते. इतक्या वर्षांत पेशंट त्यांना चावले होते, एकदोघांनी शिव्या घातल्या होत्या, एक जण तर गळ्यात बांधलेल्या फडक्यासकट खुर्चीवरून पळून गेला होता. पण सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या हातचा मार खायची ही पहिलीच वेळ.

“लागलं का?” तिनं विचारलं.

“नाही, नाही, तेवढं नाही.”

“लागायला हवं होतं.”

दवाखान्यामागच्या या खोलीत पूर्वी एक्स-रे काढत असत. आता तिथे चार जुने रंगीत टीव्ही होते, रंगीत टीव्ही नवे नवे निघाले त्या काळातले, एकेक उचलायला दोन गडी लागावेत असे. तीन भिंतीला टेकून होते. चौथा, सगळ्यांत मोठा, मागचं झाकण काढून खोलीच्या मधोमध ठेवला होता. आठ महिन्यांतल्या सगळ्या सुट्ट्या डॉक्टरांनी त्याच्यापायी घालवल्या होत्या. भंगारवाल्याकडून आणला तेव्हा त्यात उंदरांनी संसार थाटलेला होता. फुगलेले कंडेन्सर बदलून झाले, जळालेली कॉइल पुन्हा गुंडाळून झाली, लाकडाला पॉलिश झालं. शेवटी चित्रही आलं. पण चित्रात डावीकडे येणाऱ्या प्रत्येक माणसाला दोन-दोन नाकं होती, एक नीट आणि त्याच्याखाली एक निळं.

त्या काळच्या टीव्हीत लाल, हिरवी आणि निळी अशी तीन चित्रं एकाच वेळी काचेवर पडत आणि ती तंतोतंत एकमेकांवर बसवावी लागत. त्यासाठी आत बारा स्क्रू असत. एक फिरवला की दुसरा बिघडे. डॉक्टर त्याच बारांपैकी पहिल्याला हात घालत होते.

“मग जुळवायचं कसं, मावशी?” त्यांनी नरमाईनं विचारलं. पेशंटशी बोलायची सवय होती ती.

“मी तुमची मावशी कधी झाले?”

ती सकाळपासून धुसफुसत होती आणि त्याला कारण होतं. मुलीनं तिला दाढ दाखवायला म्हणून आणलं होतं. दाढ खरोखर दुखत होती. खुर्चीत बसून तोंड उघडायची तयारी करून आली, तर डॉक्टर तिला हात धरून मागच्या खोलीत घेऊन आले आणि म्हणाले, “तुमच्यासाठी एक गंमत आहे.” गंमत म्हणजे हे धूड. ज्या कारखान्याचं नाव घरात दुसऱ्या कुणी काढायचं नाही असा तिचा दंडक होता, त्या कारखान्याचा टीव्ही. लावालावी कुणी केली तेही कळलं. कारखान्याचं स्टोअर सांभाळणारी तिची जुनी मैत्रीण कवळी बसवायला आली होती. तिनं हे टीव्ही पाहिले आणि डॉक्टरांना सांगितलं, “आमच्या हिरवीला बोलवा. तिचा डोळा म्हणजे डोळा होता.” मग डॉक्टरांनी मुलीला गाठलं, आणि दोघांनी मिळून हे दाढेचं नाटक रचलं.

“सरळ सांगितलं असतं तर तू आली असतीस का?” मुलगी म्हणाली.

“नसते आले.”

“म्हणूनच.”

डॉक्टरांनी विषय बदलायला म्हणून कपाटावरचं एक पातळ पुस्तक काढलं. कारखान्यानं आपल्या पंचवीस वर्षांच्या निमित्तानं छापलेलं होतं ते. कागद पिवळे पडले होते. “माझी चूक झाली, मान्य. पण यात लिहिलंय की रंगांची जुळणी मशीनवर व्हायची. स्वयंचलित. त्यामुळे मला वाटलं, हातानं केलेलं असं यात काही नसणारच.”

तिनं पुस्तक ओढून घेतलं. पानभर फोटो होता. पांढरा कोट घातलेला एक गृहस्थ टीव्हीमागे उभा राहून मीटरकडे बघत होता.

“हा?” तिचा आवाज चिरकला. “हा कॅन्टीनचं बघायचा! चहात साखर कमी पडली की आम्ही याच्या नावानं शंख करायचो. आणि मीटर उलटा धरलाय मेल्यानं!”

डॉक्टर हसले. हसलो हे चुकलं, असं त्यांना लगेच कळलं.

“हसू नका. सात जणी होतो आम्ही. सात काळे पडदे, सात स्टुलं. समोर आरसा, कारण टीव्हीची काच त्या बाजूला आणि हात या बाजूला. टीव्ही चालू. पंचवीस हजार व्होल्टची वायर कोपराला खेटून. आरशात बघायचं, लाल रेघ हिरवीवर आणायची. ती बसली की पिवळी दिसते. मग त्या पिवळीवर निळी. ती बसली की पांढरी. अशी सगळ्या पडद्यावर जाळी. एका पाळीत बावीस टीव्ही. डोळ्यांतून पाणी यायचं तर पुसायला हात मोकळा नाही. मशीन म्हणे! आम्ही मशीन!”

पुस्तक तिनं टेबलावर टाकलं नाही, फेकलं. मुलीनं ते उचलून बंद करून ठेवलं.

मग तिनं पदर खोचला, स्टूल ओढलं आणि टीव्हीच्या मागे जाऊन बसली. चष्मा लावला. “ते पडदे ओढा. आणि जाळी लावा. आहे का जाळी?”

डॉक्टरांकडे जाळी होती. पांढऱ्या आडव्याउभ्या रेघा दाखवणारी एक पेटी त्यांनी स्वतः जोडली होती. त्यांनी ती लावली, पडदे ओढले आणि दवाखान्याच्या बेसिनवरचा आरसा काढून आणून तिच्यासमोर धरला.

“वर. आणखी. आता हलू नका.”

तिनं आरशात बघितलं. डाव्या अर्ध्या पडद्यावर प्रत्येक आडवी रेघ पिवळी पडली होती आणि तिच्याखाली एक निळी रेघ लोंबत होती. उजव्या बाजूला सगळं जागच्या जागी.

“स्क्रू हलला असता तर असं होत नाही,” ती म्हणाली. “सगळीकडे थोडं थोडं बिघडतं. हे एकाच बाजूला आणि एकच रंग. आणि स्क्रूंवरचा रंग बघा. जुळणी झाली की वर रंगाचा थेंब सोडायचो, स्क्रू हलू नये म्हणून. काळा पडलाय, पण एकाही थेंबाला तडा नाही. म्हणजे कारखान्यातून निघाल्यापासून यांना कुणी हात लावलेला नाही. तुम्ही पहिले लावणार होतात.”

“मी तर तो रंग खरवडून काढणार होतो,” डॉक्टर ओशाळून म्हणाले. “कुणाच्या हातून सांडलाय असं वाटलं.”

तिनं त्यांच्याकडे असं पाहिलं की मुलीनं चष्म्याची डबी हळूच उचलून पर्समध्ये टाकली.

“निळ्याच्या कॉइलशी कुठेतरी सोल्डर सुटलंय. बंद करा, आणि शोधा.”

टीव्ही बंद केल्यावर डॉक्टरांनी आतला साठलेला करंट काढून टाकला. मग कपाळावर दिवा बांधला आणि दात तपासायचा छोटा आरसा आत घालून शोधत बसले. वीस मिनिटं लागली. तिसऱ्या कॉइलच्या पायाशी केसाएवढी गोल चीर होती. डॉक्टरांनी तिच्यावर सोल्डरचा नवा थेंब सोडला, फुंकर घातली. या कामात त्यांचा हात चांगला होता, हे तिलाही मान्य करावं लागलं. अर्थात मनातल्या मनात.

टीव्ही पुन्हा लावला. ट्यूब तापेपर्यंत अंधारात तिघं उभी होती. मग जाळी आली, आणि ती पांढरी होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी.

“अरे वा!” डॉक्टर लहान मुलासारखे ओरडले. “वा, वा, वा!”

ती समोरच्या बाजूला आली. पडद्याच्या अगदी जवळ गेली. मधलं तिनं बघितलंच नाही. ती वाकली ती थेट खालच्या डाव्या कोपऱ्यापाशी. मोतीबिंदू काढल्यापासून तिला जवळचं लख्ख दिसत होतं. कोपऱ्यातल्या शेवटच्या चौकोनाची रेघही पांढरी होती. निळ्याचा धागासुद्धा नाही.

तिचा चेहरा आवळला.

“जांभळीचं काम,” ती म्हणाली. कुणी तोंडात कडू औषध ओतावं तसं.

“कोण जांभळी?” डॉक्टरांनी विचारलं.

मुलीनं त्यांना खुणेनं थांबवायचा प्रयत्न केला. उशीर झाला होता.

“सात जणींना सात रंगांच्या बाटल्या होत्या. टीव्ही तक्रारीत परत आला तर कुणाचा ते कळावं म्हणून. रंगावरूनच हाका मारायचे. मी हिरवी. ती जांभळी. हा मोठा टीव्ही आला तेव्हा त्याचा खालचा डावा कोपरा कुणालाच जमेना. काही करा, तिथे निळा धागा उरायचाच. साहेब म्हणाले, चालेल, लोकांना कळत नाही. पण तिला जमायचं. कसं, ते तिलाच ठाऊक. डावखुरी होती. सोबत कामाला लागलो आम्ही, एका डब्यात जेवायचो.” तिनं श्वास घेतला. “आणि तिनंच माझा गळा कापला.”

“आई, जाऊ दे ना आता.”

“का जाऊ दे? माझे अकरा टीव्ही परत आले. अकरा! वर हिरवा थेंब. साहेबांनी सगळ्यांसमोर मला उभं केलं, म्हणाले, डोळे तपासून घे. माझे डोळे! मी शपथेवर सांगितलं, हे माझं काम नाही. पण मानतंय कोण? मग एक दिवस जेवणाच्या सुट्टीत काहीतरी विसरलं म्हणून परत गेले, तर माझ्या पडद्याआड ही बसलेली. हातात माझी बाटली. हिरवी. रंगेहाथ! म्हणजे वाईट टीव्ही करायचे ते माझ्या नावावर. मी तिथेच तिला कानाखाली वाजवली. सगळ्या पाळीला ओरडून गोळा केलं. साहेबांनी विचारलं, काय करत होतीस? तर एक शब्द नाही. मान खाली. संध्याकाळच्या आत तिला काढून टाकलं. चांगलं झालं. पुढे चार महिन्यांत नव्या पद्धतीच्या ट्यूब आल्या, त्यांना जुळणीच लागत नाही, आणि आम्हालाही घरी बसवलं. पण माझं नाव तोपर्यंत साफ झालेलं होतं.”

एवढं बोलून तिला धाप लागली. चाळीसहून अधिक वर्षांत ही गोष्ट मुलीनं इतक्यांदा ऐकली होती की कुठे आवाज चढणार तेही तिला पाठ होतं. ती पाण्याचा ग्लास घेऊन उभीच होती.

डॉक्टर मात्र टीव्हीच्या मागे गेले होते. त्यांनी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एका स्क्रूवर हलकेच फिरवला, कपाळावरचा दिवा लावला, छोटा आरसा आत धरला.

“पण हा तिचा नाही वाटत,” ते आतूनच म्हणाले. “हिरवा आहे हा. स्वच्छ हिरवा. अभिनंदन मावशी, हा तुमचाच टीव्ही!”

“काहीतरीच काय.”

“बघा ना.”

ती मागे आली. डॉक्टरांच्या हातून आरसा घेतला. गोल काचेत एवढासा स्क्रू आणि त्यावर एक हिरवा ठिपका दिसला. काजळी पुसली गेल्यामुळे कालच लावल्यासारखा. तिनं पुढचा पुसला. तोही हिरवा. मग पुढचा. प्रत्येक ठिपक्याला बारीक शेपूट होतं, आणि सगळी शेपटं एकाच बाजूला वळलेली होती.

ती स्वतः ब्रश सरळ टेकवून उचलायची. तिच्या ठिपक्याला शेपूट नसायचं. आणि डावखुऱ्या हाताशिवाय ते त्या बाजूला वळलं नसतं.

“मग बरोबरच आहे ना,” मुलगी म्हणाली. “तू सांगतेस तेच. तिनं तुझा रंग लावून टीव्ही खराब...”

“खराब कुठाय हा?”

ती हे इतक्या हळू बोलली की मुलीला पुन्हा विचारावं लागलं.

“खराब कुठाय हा?” आता ती ओरडली. “दिसत नाही तुला? कोपरा बघ जा! डोळे आहेत ना?”

मुलगी गेली नाही. ती आईकडे बघत राहिली.

“डॉक्टर, महिना काय आहे याच्यावर? झाकणाला आतून चिठ्ठी चिकटवायचे.”

डॉक्टरांनी भिंतीला टेकवलेलं झाकण उजेडात धरलं आणि महिना, तारीख, पाळी वाचून दाखवली.

तिनं बोटांवर मोजलं. मोजायची गरज नव्हती. मुलगी तेव्हा पाच महिन्यांची होती. दिवसा झोपायची आणि सगळी रात्र किंचाळायची. बाळंतपणाची रजा संपवून ती कामावर आली होती आणि पडद्याआडच्या अंधारात स्टुलावर बसल्या बसल्या तिची मान पडायची. दचकून जागी व्हायची तेव्हा समोरचा टीव्ही किती झाला, किती राहिला, आठवायचं नाही. जमेल तसा पुरा करून थेंब सोडायची आणि पुढचा घ्यायची. बावीसच्या खाली गेलेल्या बाईला महिनाअखेर काढून टाकत. संध्याकाळी साहेब फक्त रंगाचे थेंब मोजत. आणि तिचे बावीस भरायचे. एक दिवस चुकला नाही. या बावीसचा तिला केवढा अभिमान होता! पोर पदरात असतानासुद्धा बावीस, हे तिनं सुनेला ऐकवलं होतं, जावयाला ऐकवलं होतं.

ते अकरा टीव्ही परत आले, तेव्हा साहेबांनी ते ओळीनं मांडून दाखवले होते. अकराही मोठे. अकराही जणांची तक्रार एकच, खाली डावीकडे जाड निळी रेघ दिसते. ज्या बाईला तो कोपरा झोपेतही चुकला नसता, तिनं तो अकरा वेळा चुकवला, यावर हिनं चाळीस वर्षं विश्वास ठेवला होता.

“आई, बस. पाणी घे.”

“नकोय पाणी.” तिनं ग्लास बाजूला सारला, पाणी मुलीच्या साडीवर सांडलं. “बोलली का नाही? तोंड शिवलं होतं का तिचं? साहेब विचारतायत, मी विचारतेय, सगळी पाळी उभी आहे, एक वाक्य! एक वाक्य बोलायला काय झालं होतं हिला?”

“बोलली असती तर काय झालं असतं?” डॉक्टरांनी विचारलं. त्यांना अजून सगळं समजलं नव्हतं, म्हणून त्यांनी सरळ विचारलं.

काय झालं असतं ते तिला माहीत होतं. तिचे स्वतःच्या हातचे टीव्ही बावीस नव्हे, सोळा निघाले असते, नाहीतर पंधरा.

डॉक्टर कॅमेरा घेऊन आले होते. “एक फोटो काढू या का? टीव्हीशेजारी, तुमचा. मी याच्याबरोबर लावून ठेवीन. त्या पुस्तकातल्या माणसाऐवजी.”

“माझा नको.”

“अहो, पण तुमच्याशिवाय...”

“माझा नको म्हटलं ना! हे काम मी केलेलं नाही. एकदा सांगून कळत नाही का माणसाला?” तिनं पदरानं चष्मा पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. मग मुलीपुढे हात केला. “फोन दे.”

“कुणाला करायचाय?”

“स्टोअरवालीला. लावून दे.”

मुलीनं फोन लावून दिला. पलीकडे बराच वेळ घंटी वाजत राहिली. मग स्टोअरवालीचा नव्या कवळीतून येणारा आवाज खोलीभर ऐकू आला. “काय गं, दाखवली का दाढ?”

“तुला दाखवते दाढ नंतर. आधी सांग, जांभळी आहे का?”

“आहे म्हणजे?”

“म्हणजे जिवंत आहे का?”

“आहे की. भाच्याकडे असते. दुका... दुकानदार भाचा, तो.” कवळी सरकली असावी. “तुला काय करायचंय? चाळीस वर्षं नाव काढू दिलं नाहीस.”

“नंबर दे तिचा.”

“हे बघ, पुन्हा भांडायला देणार नाही मी. म्हातारी झालीय ती. आपणही झालोय.”

“भांडायलाच हवाय. दे.”

“अगं, तिला ऐकायला फार कमी येतं आता. फोनवर तर ओरडून बोलावं लागतं.”

तिनं टेबलावरचं औषधं लिहायचं पॅड ओढलं, डॉक्टरांच्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि टोपण दातांनी उघडलं. दुखऱ्या दाढेतून कळ गेली, तरी तिनं ते दातांतच धरून ठेवलं.

“सांग तू,” ती तशीच म्हणाली. “मला ओरडूनच बोलायचंय.”